मीटरवर पन्नास

पंप-कॅम्प, १० जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार वगैरे पोचला असं समज. टायर मिळाले. चारही बसवले, पाचवा स्टेपनीला. गाडी आता टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसते. आमचे साहेब म्हणाले, "लोकांचे मामा भाचीला दागिने घालतात, तुमच्या मामानं टायर घातले." मी म्हटलं, मामाचं दुकान सोनाराचं असतं तर दागिनेच आले असते.

तू विचारलं होतंस, तिकडे नेमकं करतेस तरी काय. कॅम्प म्हणजे पाण्याच्या पाइपलाइनचं पंपघर, तीन पत्र्याच्या खोल्या, आणि मला धरून नऊ माणसं. डेपो म्हणजे डांबरी रस्ता संपतो तिथलं गोदाम. या दोघांच्या मधे एक आटलेलं तळं आहे, इतकं मोठं की ह्या काठावरून तो काठ दिसत नाही. आम्ही त्याला नुसतं 'सपाट' म्हणतो. आठवड्यातून एकदा मी पिकअप घेऊन सपाट ओलांडते आणि डेपोतून खाणं, औषधं, पंपाचे सुटे भाग आणि टपाल घेऊन परत येते. फोन लागत नाही. जीपीएसचं यंत्र बिघडून साहेबांच्या कपाटात पडलंय. ते दुरुस्तीला पाठवायचं असं मी आल्यापासून ऐकतेय.

मला ज्यांनी ही वाट शिकवली ते वस्ताद निवृत्त होऊन घरी गेले. तुझे टायर आले त्याच आठवड्यात. तेव्हा आता मी एकटीच.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. गाडी डिझेल फार प्यायला लागलीय. वस्ताद होते तोवर एका टाकीत जाऊन-येऊन पाव टाकी उरायची. गेल्या खेपेला परत आले तेव्हा काटा लालच्या खाली टेकला होता. तू म्हणशील, मग कॅन बरोबर ठेव. ठेवलाय. पण मला कारण हवंय. तू तर गाडीचा आवाज ऐकून तिच्या सात पिढ्या सांगतोस. सांग, गाडीत काय बिघडलं असेल?

बाबा कसे आहेत? आईच्या पत्रात एकच शब्द असतो, 'ठीक'.

तुझी
भिंगरी

*

दुकान, १९ जानेवारी

भिंगरे,

पत्र वाचून जीव गार झाला. नऊ माणसांच्या कॅम्पात माझी भाची ड्रायव्हर, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. काल एक जण फक्त पंक्चर काढायला आला होता, तो तासभर ऐकून गेला.

आता डिझेलचं. आधी एक लक्षात ठेव. कंपनीच्या कागदावर जो ॲव्हरेज छापलेला असतो ना, तो म्हणजे लग्न जमवताना सांगितलेलं वय. खोटं म्हणता येत नाही, पण खरं धरून कुणी चालू नये. ती गाडी त्यांनी गुळगुळीत रस्त्यावर, रिकाम्या पोटी, वारा पडलेला असताना चालवलेली असते. तुझी गाडी सामान लादून, मातीतून, समोरचा वारा छातीवर घेत जाते. त्यातून मी पाठवलेले टायर जड, त्यांचे दात मोठे. मातीला धरतात, पण फिरवायला जोर लागतो. थोडं डिझेल तर ते खाणारच. पण पाव टाकी? एवढं नाही खाणार.

म्हणून एकेक बघ. हवा सकाळी, चाक थंड असताना मोज. मातीत जाताना कमी केलीस आणि पुन्हा भरलीच नाहीस, तर गाडी चिखलात चालल्यासारखी ओढते. टपावरचा कॅरिअर रिकामा असेल तर काढून ठेव, तो वाऱ्याशी कुस्ती खेळतो. चारही चाकांना जोर देणारा दांडा कडक जमिनीवर आल्यावर सोडतेस ना? मी तरुणपणी एका मालकाची गाडी आठवडाभर तशीच चालवली होती. मालकानं डिझेल बघून मला नाही, पंपवाल्याला शिव्या घातल्या. एअर फिल्टर झटक, सपाटावरची धूळ पिठासारखी असणार. आणि थांबल्याबरोबर खाली उतरून प्रत्येक चाकाला हात लाव. एखादं जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक चिकटलाय. हो, आणि थंड हवेसाठी इंजिन चालू ठेवून डुलक्या काढत बसत नाहीस ना?

हे सगळं ठीक निघालं तर मग माझा जुना अनुभव सांगतो: दोष गाडीत नसतो, चालवणाऱ्यात असतो! पाय हलका ठेव, पोरी.

भावोजी ठीक आहेत.

तुझा मामा

*

पंप-कॅम्प, २७ जानेवारी

मामा,

हवा बरोबर आहे. कॅरिअर काढला. दांडा सोडते. फिल्टर नवा टाकला. चाकं चारही सारखीच कोमट. इंजिन चालू ठेवून झोपत नाही. माझा पाय कसा आहे हे तुला माहीत आहे, मला क्लच तूच शिकवलास.

तरी काटा लालवर.

तू सहज लिहिलंस, दोष चालवणाऱ्यात असतो. मी ते वाक्य किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. चेष्टा आहे हे कळतं. तरी पण.

मला एक सांग, आणि 'ठीक' म्हणून टोलवू नकोस. बाबांना पहिल्यांदा काय व्हायला लागलं? म्हणजे अगदी सुरुवातीला, तुम्हा कुणाला काही कळायच्या आधी. तेव्हा त्यांचं वय काय होतं? मी हॉस्टेलवर होते, मला कुणी काही सांगितलंच नाही.

भिंगरी

*

दुकान, ५ फेब्रुवारी

भिंगरे,

तुला घरची आठवण येतेय, एवढं कळलं. ओसाड जागी माणसाला असले विचार सुचतातच. एखादी सुट्टी टाक आणि ये.

विचारलंस म्हणून सांगतो, आणि हसायचंच आहे त्यात. भावोजींची बस वीस वर्षं एकाच मार्गावर. डोळे मिटून नेतील असा तो मार्ग. एक दिवस बाजाराचं वळण आलं आणि हे सरळच निघाले. कंडक्टर घंटी बडवतोय, बायका पिशव्या घेऊन उभ्या राहून ओरडतायत. भावोजी शांतपणे म्हणतात, "ओरडता कशाला? वळण अजून यायचंय." बस थेट गावाबाहेरच्या वीटभट्टीपाशी! कंडक्टर पुढे कितीतरी दिवस प्रवाशांना विचारायचा, "आज बाजाराला जायचं की विटा आणायला?" आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. पुढे काय असेल हे तेव्हा कुणाला कळणार होतं? पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी.

आता ठीक आहेत. जेवतात, झोपतात.

तुझ्या गाडीचं मात्र मला चैन पडू देईना. माझ्या कानाला काहीतरी खटकतंय. तू सगळं लिहिलंस, पण एका खेपेत मीटरवर किती किलोमीटर पडतात हे दोन्ही पत्रांत नाही. अंतर कळल्याशिवाय ॲव्हरेज कसा काढू? नीट लिही. काही लपवत तर नाहीस?

मामा

*

डेपो, १४ फेब्रुवारी

मामा,

गोदामात पोत्यावर बसून लिहितेय, अक्षर लावून घे. आईला यातलं एक अक्षर कळता कामा नये.

हो, लपवत होते. मीटरवर जास्त किलोमीटर पडतात, कारण मी वाट चुकते.

कॅम्पकडे जाताना प्रश्न नसतो. समोर डोंगराचं टोक दिसतं, त्यावर नाक धरायचं. पण कॅम्पहून डेपोला येताना समोर काही म्हणजे काहीच नाही. खाली पांढरं, वर पांढरं. चाकांच्या खुणा वारा दुसऱ्या दिवशी पुसून टाकतो. म्हणून वस्तादनी शिकवलेली रीत अशी: कॅम्पच्या काठावर एक लाल पिंप आहे. तिथं मीटर शून्य करायचा. होकायंत्राच्या काट्यावर सरळ जायचं. मीटरवर पन्नास आले की डावीकडे वळायचं. तिथून कडक जमिनीचा पट्टा थेट डेपोपर्यंत येतो. पन्नासच्या पुढं गेलं की जमीन वरून कोरडी आणि आत लोण्यासारखी. पुढं एक मोडका ट्रेलर अर्धा रुतलेला आहे. वस्ताद म्हणायचे, "तो ट्रेलर दिसला तर समज, तू वळण मागं टाकलंस."

मामा, वस्ताद गेल्यापासून मला प्रत्येक खेपेला तो ट्रेलर दिसतो.

पहिल्यांदा वाटलं, लक्ष नव्हतं. दुसऱ्या वेळी मी मीटरवरून डोळे हलवले नाहीत. पन्नासला वळले, आणि डाव्या हाताला ट्रेलर. पुढं पट्टा नव्हताच. मागची चाकं बसली. दुपारभर फळ्या घालून, हातांनी माती उपसून गाडी काढली. डिझेल तिथं गेलं, आणि मग पट्टा शोधत फिरण्यात गेलं. आज तर सोडूनच दिलं. ट्रेलर दिसेपर्यंत गेले, तिथं जपून वळवली आणि मागं येत पट्टा हुडकला. गाडी हलकी म्हणून निभावतं.

मी पन्नास म्हणते तेव्हा पन्नास झालेले असतात का, याचीच मला आता खात्री वाटत नाही. पिंपापाशी शून्य केला असं मला वाटतं, पण केला का? होकायंत्र बघते ते खरंच दिसतं का? तुझं वीटभट्टीचं पत्र वाचलं तेव्हा मी जेवत होते, ताट बाजूला सरकवलं. 'वळण अजून यायचंय.' बाबांच्या आवाजात ऐकू आलं मला ते.

आधी वाटायचं, तू लिहिशील की पंप गळतोय, ब्रेक चिकटलाय. काहीही चाललं असतं. गाडीत निघू दे, माझ्यात नको, एवढंच मागत होते मी तुझ्याकडे.

आणि आता खरं संकट. मार्चअखेर वरच्या डोंगरातलं पाणी सपाटात उतरतं. त्याआधी सगळा कॅम्प हलवायचा. नऊ माणसं, दोन ट्रक. पाइपांनी भरलेले ट्रक, मामा. ट्रेलरपाशी गेले तर निघायचे नाहीत. ट्रकवाल्यांना वाट माहीत नाही, ते पुढच्या गाडीच्या मागून येतात. आणि पुढची गाडी माझी. साहेबांनी सहा मार्च ठरवलीय.

साहेबांना सांगू का, की मला बाबांचं दुखणं लागलंय? मग नेणार कोण? वस्तादना बोलवायचं तर ते आता कुठं असतात ते कुणालाच ठाऊक नाही.

लवकर लिही. मला फार भीती वाटते.

भिंगरी

*

दुकान, २० फेब्रुवारी

भिंगरे, पोरी,

हे पत्र माझ्या ओळखीच्या लॉरीवाल्याच्या हातात दिलंय. डेपोच्या माणसाच्या हातातच द्यायचं, टेबलावर ठेवायचं नाही, असं त्याला बजावलंय. आधी पाणी पी. मग वाच.

तुला काही झालेलं नाही. दोष गाडीत आहे. गाडीत म्हणजे माझ्या टायरांत.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून नुसताच बसून राहिलो. दुसऱ्यांदा वाचताना कान टवकारले. तू लिहितेस, प्रत्येक वेळी तोच ट्रेलर. अगं, डोकं भरकटलेला माणूस एकदा इकडे चुकतो, एकदा तिकडे. कधी आधी वळतो, कधी वळायचंच विसरतो. तू दर वेळी त्याच बाजूला, तेवढंच चुकलीस. इतक्या नेमानं चुकणं माणसाला जमत नाही. ते यंत्राचं काम आहे.

गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो, आणि एका फेऱ्याला किती जमीन हे त्याला कंपनीनं एकदाच शिकवून ठेवलेलं असतं. मी तुला मोठे टायर पाठवले. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापतं. पण मीटरला ते कोण सांगणार? तो जुनाच हिशेब धरून बसलाय. तो पन्नास दाखवतो तेव्हा तू पन्नासच्या पुढं गेलेली असतेस. तुझे डोळे ठीक आहेत, डोकं ठीक आहे. मीटर खोटं बोलतोय आणि त्याला खोटं बोलायला मी लावलंय.

दुकानाचं शटर ओढलं आणि मोजलं. तुझ्या जुन्या मापाचा एक टायर आणि नव्या मापाचा एक. दोन्हींवर खडूनं रेघ मारली आणि अंगणात ढकलत नेले. जुन्याचे अकरा फेरे होतात तेवढ्या जमिनीत नव्याचे दहाच होतात. शेजारचा न्हावी दारात येऊन विचारतो, "वेड लागलं का?" म्हटलं, नाही, वेड लागलेलं नाही एवढंच सिद्ध करतोय.

तेव्हा तुझ्या मीटरवर पन्नास म्हणजे खरे पंचावन्न. पन्नासला वळायचं असेल तर तुझ्या मीटरवर साडेपंचेचाळीसला वळ. तुझा ॲव्हरेजही दिसतो तितका वाईट नाही, मीटर रस्ता कमी मोजतो म्हणून तो आणखी खाली दिसतो. बाकीचं डिझेल जड टायरांनी आणि त्या चिखलानं खाल्लं.

तीस वर्षं मी टायर विकतो. मोठे टायर घेणाऱ्या प्रत्येकाला मी बजावतो की मीटर कमी दाखवेल. घरच्या माणसाला सांगायचं राहिलं. गाडी उंच दिसेल, भाची खूश होईल, एवढंच डोक्यात होतं. माझ्यामुळे तू हातांनी चिखल उपसलास. आणखी काय लिहू?

पण माझा आकडा आंधळेपणानं घेऊ नकोस. अंगण वेगळं आणि सामान लादलेली गाडी वेगळी. पाइपलाइनच्या खांबांवर किलोमीटरचे आकडे रंगवलेले असतात ना? त्याच्या कडेनं अकरा किलोमीटर गाडी चालव. मीटरवर दहा पडले तर मामा बरोबर. ट्रकांचे मीटर चालू असतील तर त्यांनाही विचार.

आता दुसरी गोष्ट. तू तुझं लपवलंस, मी माझं. भावोजी ठीक नाहीत. महिन्यापूर्वी घरातून निघाले, दिवसभर सापडले नाहीत. शेवटी बसच्या जुन्या आगारात मिळाले, बंद बसच्या सीटवर, हात स्टिअरिंगवर. आता दाराला वरून कडी घालतात. ताईनं तुला कळवू नकोस म्हणून शपथ घातली होती. ती मी आज मोडतो, कारण 'ठीक' या शब्दानं तुझी भीती वाढते, कमी होत नाही.

मामा

*

डेपो, २८ फेब्रुवारी

मामा,

मिळालं. पाणी प्यायले, मग वाचलं. मग गोदामवाल्याला म्हटलं, जरा बाहेर जा. आणि रडले.

अजून मोजलेलं नाही. खांब कॅम्पच्या बाजूला आहेत, आता परत गेल्यावर मोजेन. म्हणजे हे पत्र तुझ्याकडे येईल तेव्हाही तुला काही कळणार नाही. पुढचं टपाल मीच घेऊन येणार, सगळ्यांना घेऊन. आले तर.

ट्रकांच्या मीटरचं म्हणशील तर एकाचा काटा मागच्या साहेबांच्या काळात थांबला आणि दुसऱ्याच्या जागी ड्रायव्हरनं आरसा बसवलाय.

अकराव्या खांबाला मीटरवर दहाऐवजी अकरा पडले तर? म्हणजे मीटर बरोबर आणि मी चूक? हा विचार जात नाही.

बाबांचं सांगितलंस, बरं केलंस. कडी वरची म्हणजे त्यांचा हात पोचत नाही अशी?

भिंगरी

*

दुकान, ९ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र नाही. सहा तारीख गेली. लॉरीवाला काल डेपोहून परत आला. म्हणाला, सपाटाकडून कुणीच आलेलं नाही. मी विचारलं, कुणीच म्हणजे? तो म्हणाला, "कुणीच म्हणजे कुणीच, सेठ. पांढरी धूळ उठलीय, गोदामाची भिंतसुद्धा दिसत नाही."

हे पत्र मी कुणासाठी लिहितोय ते मलाच कळत नाही. दुकानात गिऱ्हाईक येतं, बोलतं, मी हो हो म्हणतो. सकाळी एकाला चुकीच्या मापाची ट्यूब दिली. रोज दुपारी तो खडूनं रेघ मारलेला टायर पुन्हा अंगणात फिरवून बघतो. दहाच फेरे येतात. तरी पुन्हा फिरवतो. न्हावी आता काही विचारत नाही.

साडेपंचेचाळीस मी लिहिले होते ना? चोपन्न नाही ना लिहिले घाईत?

ताई विचारते, पोरीचं पत्र का नाही. मी म्हणतो, टपालाची लॉरी नादुरुस्त आहे. भावोजी खिडकीत बसून रोज विचारतात, "गाडी आली का?" कुठली गाडी त्यांनाही माहीत नाही. रोज मी सहज म्हणतो, येईल हो. आज मी चप्पल घालून सरळ दुकानात आलो.

उद्या दुकान बंद ठेवून मीच डेपोला निघतो. पत्र तोवर टाकून ठेवतो. नाहीतर हातांनी काय करू?

मामा

*

डेपो, १२ मार्च

मामा,

पोचलो. नऊच्या नऊ. दोन्ही ट्रक.

तू इथं येऊन गोदामाच्या पायरीवर बसलायस, आणि मी आत बसून तुलाच पत्र लिहितेय. गोदामवाला हसतोय. पण तोंडानं मला सांगता येणार नाही. मघाशी प्रयत्न केला, तू बघितलंस. म्हणून लिहिते. वाच आणि मग काही बोलू नकोस.

खांबांच्या कडेनं अकरा किलोमीटर गेले.  अकराव्या खांबापाशी मीटरवर दहा. गाडी थांबवली, उतरले आणि तुझ्या टायरला लाथ मारली. जोरात. अंगठा अजून दुखतो.

मग साहेबांना सगळं सांगितलं. रुतले होते तेही, बाबांचंही. साहेबांनी हातातली यादी खाली ठेवली. मग म्हणाले, "आधी का नाही बोललात?" मी म्हटलं, बोलले असते तर तुम्ही मला वेडी म्हणाला असता. ते म्हणाले, "म्हटलं असतं." निदान खरं तरी बोलले.

सहाला निघायचं होतं, धूळ उठली. पाच दिवस खोलीत कोंडून होतो. पाणी लवकर उतरतंय असं रेडिओच्या बातम्यांत कळलं. काल धूळ थोडी बसली, तेव्हा निघालो. समोर वीस हातांपलीकडे काही नाही. साहेब माझ्या शेजारी. मागं त्या आरसावाल्या ड्रायव्हरचा ट्रक, त्याला आम्ही पहिलवान म्हणतो, आणि त्याच्या मागं दुसरा. पिंपापाशी मीटर शून्य केला आणि साहेबांना म्हटलं, बघा, शून्य आहे ना? मोठ्यानं म्हणा. ते म्हणाले, "शून्य."

साडेपंचेचाळीसला मी थांबले. पहिलवान उतरून धावत आला. "काय झालं?" म्हटलं, इथं वळायचं. तो मीटरमध्ये डोकावला. "पन्नास कुठं झाले? वस्तादबरोबर मी दहा वर्षं आलोय. वस्ताद पन्नास म्हणायचा!" मी टायरचं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, माझ्या ट्रकमध्ये चार माणसं आहेत. टायरवर विश्वास ठेवू की वस्तादवर?"

 माझं सगळं अंग सांगत होतं, अजून नाही, अजून पुढं. मामा, खांब मोजले होते, तू मोजलं होतंस, सगळं माहीत होतं. तरी आतून कुणीतरी सरळ जा म्हणत होतं. तेव्हा मला कळलं, बाबांना त्या दिवशी बसमध्ये कसं वाटलं असेल. त्यांना काही चुकल्यासारखं वाटलंच नसेल. सगळं जग ओरडत असतं आणि आपल्याला शंभर टक्के खात्री असते.

मी पहिलवानाला म्हटलं, "तुम्ही इथंच थांबा. मी एकटी वळते. साहेब, तुम्हीही उतरा. पाच किलोमीटर जाऊन परत येते. आले नाही तर तुम्ही अंदाजानं सरळ जा, वस्तादच्या पन्नासपर्यंत."

साहेब उतरले नाहीत. म्हणाले, "चला."

डावीकडे वळवली.  पहिला किलोमीटर, दुसरा. खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं आणि चाकांचा आवाज ऐकला. हे तू शिकवलंस. चिखलावरचा आवाज ओला असतो, कापड फाटल्यासारखा. हा तसा नव्हता. खडखडत होता. कडक जमीन. साहेब म्हणाले, "आता श्वास घ्या." मी कधीपासून रोखून धरला होता कुणास ठाऊक.

पाच किलोमीटर गेले, परत वळले, त्यांना घेऊन आले. पहिलवान ट्रक अगदी माझ्या चाकांच्या खुणांवरून आणत होता. डेपोची पाण्याची टाकी धुळीतून दिसली तेव्हा त्यानं मागून इतका लांब हॉर्न वाजवला की तू पायरीवरून उठून उभा राहिलास, ते मी बघितलं.

पोचले तेव्हा अर्धी टाकी उरली होती. मोठे टायर, धूळ, लादलेली गाडी, सगळं धरून. ॲव्हरेज काय आला ते तू काढ, मला नको.

टायरनं माझं वळण खरं ठरवलं. पण टायरनं हे ठरत नाही की मला बाबांचं कधी होणारच नाही. होईल किंवा नाही होणार. घरी आल्यावर डॉक्टरांना विचारेन. भीती आहे, पण आता ती मागच्या सीटवर आहे, स्टिअरिंगवर नाही.

दोन वर्षं मी बाबांना बघायला आले नाही. नोकरी लांब आहे असं सांगत राहिले. नोकरी मी मुद्दाम लांब घेतली होती.

उद्या आपण दोघं याच गाडीनं घरी जाऊ, साहेबांनी आठवडाभर नेऊ दिलीय. टायर बदलायचे नाहीत. पोचल्यावर मी दाराची वरची कडी काढणार आणि बाबांना पुढच्या सीटवर बसवणार. ते जिथं म्हणतील तिथं वळायचं. बाजाराचं वळण अजून आलं नाही म्हणाले तर नाही आलं. वीटभट्टी, आगार, कुठंही. टाकी मी भरून घेतलीय, ती संपेपर्यंत फिरवणार आहे त्यांना.

तू मागं बस. आणि मामा, त्या दिवशी मीटरकडे बघायचं नाही.

भिंगरी